गुलाबाच्या पानामागचे मित्रकोळी: मोजायचे कसे आणि ते वाढताहेत हे ओळखायचं कसं?

गुलाबवाडी | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मावळात आमचं वीस गुंठ्यांचं पॉलिहाउस आहे, सगळा डच गुलाब. व्हॅलेंटाइनचा माल निघून गेला की फेब्रुवारीअखेर ऊन चढतं आणि माइट, म्हणजे लाल कोळी, डोकं वर काढते, हे दरवर्षीचंच. आधी बेंडिंगच्या, म्हणजे खाली वाकवून ठेवलेल्या फांद्यांच्या, पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके, मग पानामागे जाळी, मग पान तांबूस होऊन गळायला लागतं. आजवर आम्ही फवारत आलो. पण दर मोसमात एक औषध चालेनासं होतं आणि त्याच्या जागी त्याहून महाग दुसरं येतं.

यंदा दाराजवळचा ७ नंबरचा बेड दोन फवारण्यांतून सुटला. नळी फुटली होती, नंतर माणूस आला नाही, राहून गेलं. मला वाटलं तो बेड गेलाच. परवा भिंग घेऊन बसले तर पानामागे लाल कोळी होतेच, पण त्यांच्यात दुसरंच काहीतरी पळत होतं. चकचकीत, पाण्याच्या थेंबासारखं, पाय लांब आणि चाल भलतीच वेगात. एक जण लाल कोळ्याच्या गोल अंड्यापाशी थांबला, पुढचे पाय त्यावर फिरवले आणि तोंड टेकवलं. मी श्वास रोखून बघत होते. थोड्या वेळाने तो पुढे गेला तेव्हा अंड्याच्या जागी चुरगळलेलं टरफल उरलं होतं.

फोटो एका ओळखीच्या कृषी पदवीधराला पाठवला. तो म्हणाला, हे परभक्षी कोळी, मित्रकोळी, लाल कोळ्यांना खाऊन जगतात. आता मला हे जपायचेत. पण किती आहेत तेच कळत नाही. काल वीस पानं तोडली, पिशवीत घालून घरी आणली, जेवणानंतर मोजली: तीन. आज पुन्हा वीस पानं तोडून तिथेच बसून मोजली: चौदा. एका रात्रीत तीनाचे चौदा कसे झाले? आणि नुसते किती आहेत हे कळून भागणार नाही. ते वाढताहेत की संपत आलेत हे मला कळायला हवं, म्हणजे बाकीच्या बेडची फवारणी थांबवायची की नाही ते ठरवता येईल. कोणी केलंय का हे?

भिलारकर | ४ मार्च, सकाळी ७:१५

ताई, आमच्या स्ट्रॉबेरीत हे बघितलंय. सात-आठ वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून फुलकिड्यांसाठी पायरेथ्रॉइड मारलं होतं. फुलकिडे गेले, पण पंधरा दिवसांत लाल कोळ्यांनी असा उठाव केला की अर्धा एकर जाळीखाली गेला. तेव्हा कोणी सांगितलं नाही, नंतर कळलं की त्या औषधाने आधी राखणदार मेले. त्यामुळे पहिलं काम, जिथे हे दिसलेत तिथे तसलं कुठलंही औषध जाऊ देऊ नका.

मोजणीचं म्हणाल तर मी फक्त ‘आहे का नाही’ एवढंच बघतो. चाळीस पानं उलटी करायची, किती पानांवर मित्रकोळी दिसला आणि किती पानांवर लाल कोळी दिसला. वहीत दोन आकडे. शेतात उभं राहून एवढंच होतं.

सूक्ष्मदर्शी | ४ मार्च, सकाळी ११:०२

ताई, तुमच्या तीन आणि चौदाचं उत्तर बहुतेक पिशवीत आहे. मी कोळ्यांवरच पीएचडी करतेय आणि पहिल्या वर्षी हीच चूक मीही केली होती. लाल कोळी पानाला धरून राहतो, जाळी असते, खायला असतं. शिकाऱ्याचं तसं नाही. पान तुटलं, गरम झालं, सुकायला लागलं की तो चालू पडतो. तुमचे उरलेले पिशवीच्या आतल्या अंगावर फिरत असणार. म्हणून पान तोडायचंच असेल तर पिशवी थंड ठेवायची, आत टिपकागद टाकायचा, त्याच दिवशी मोजायचं, आणि पिशवीच्या भिंतीही मोजायच्या. ते जमत नसेल तर पान सरळ ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाका. हलवा, गाळा, गाळणीवर उरलेलं भिंगाखाली बघा. बागेत बसून मोजणं सगळ्यांत चांगलं, फक्त पान उलटं करताना फांदीला हिसका बसू देऊ नका. धक्का बसला की हे शिरेला धरून देठाकडे पळतात.

ओळख पक्की करून घ्या. लाल कोळ्याचं अंडं अगदी गोल, मोत्यासारखं, आधी पारदर्शक आणि मग पिवळसर. मित्रकोळ्याचं अंडं लांबट, कोंबडीच्या अंड्याच्या आकाराचं, लाल कोळ्याच्या अंड्याहून स्पष्ट मोठं, बहुधा मधल्या शिरेजवळ किंवा जाळीतच कुठेतरी चिकटवलेलं. दोन्ही शेजारी शेजारी दिसली की पुन्हा कधी गोंधळ होत नाही. प्रौढ शिकारी साधारण अर्धा मिलिमीटर, नासपतीच्या आकाराचा. मूळचा फिकट, पण लाल कोळी खाल्ले की पोट तांबूस दिसतं, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. चालीवर जा. लाल कोळी रेंगाळतो, हा सारखा शोधत फिरतो.

फोटोत पाठीवरचे केस लांब दिसताहेत. आपल्याकडे गुलाब, भेंडी, वांगी, स्ट्रॉबेरी यांवर लाल कोळ्यांसोबत सर्रास सापडणारी जात म्हणजे निओसियुलस लाँजिस्पिनोसस. नावाचा अर्थच लांब काट्यांचा. पण खात्री मादीची काचपट्टी करून, पाठीवरच्या केसांची लांबी मोजूनच होते. फोटोवरून मी नाव ठोकून देणार नाही.

निशिगंधा | ४ मार्च, दुपारी १:२०

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझी फक्त गच्चीवरची बाग आहे, पण एक विचारते. मी कुंडीतल्या वांग्याखाली पांढरा कागद धरून फांदी झटकते आणि पडलेलं मोजते. हे चालतं का?

सूक्ष्मदर्शी | ४ मार्च, दुपारी २:०५

चालतं, पण त्यातून ‘मागच्या आठवड्यापेक्षा जास्त की कमी’ एवढंच कळतं. अंडी चिकटलेली असतात, ती कागदावर पडत नाहीत. जाळीतले सगळे पडत नाहीत. कागद काळा घेतलात तर फिकट कोळी जास्त चांगले दिसतील. प्रयोगशाळेत यासाठी पानं झाडायचं एक यंत्र असतं. दोन ब्रश उलट दिशांनी फिरतात, त्यांच्यामधून पान घालायचं, सगळं खालच्या फिरत्या चिकट काचेवर पडतं आणि काचेवर आखलेल्या भागांतलं मोजायचं. अमेरिकेत १९४३ साली हेंडरसन आणि मॅकबर्नी यांनी ते मांडलं, अजूनही वापरात आहे. पण गुलाबवाडीताईंना ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय, म्हणजे वाढताहेत का, त्याला अंडी लागतात. त्याबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहिते.

अंकगणित | ४ मार्च, सायंकाळी ५:३०

संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, शेती येत नाही. पण तीन आणि चौदा या आकड्यांबद्दल दोन शब्द सांगतो. पिशवी हे एक कारण झालं. दुसरं असं की हे जीव पानांवर सारखे पसरलेले नसतात. लाल कोळी वसाहती करून राहतात. शिकारी त्या वसाहतींच्या मागे जातात. त्यामुळे वीसांतली सोळा पानं रिकामी आणि एका पानावर सहा, असंच दिसणार. ते सहाचं पान तुमच्या हाती लागलं की नाही, यावर अख्खी बेरीज हलते.

एल. आर. टेलर यांनी १९६१ साली एक साधा नियम दाखवला: सरासरी वाढली की विचरण, म्हणजे पानापानांतल्या आकड्यांचा चढ-उतार, तिच्या एका घाताने वाढतं (सरासरीचा तो घात गुणिले एक गुणक). हा घात १ असेल तर पसारा यादृच्छिक, त्याच्या वर गेला की घोळक्यांचा. कोळ्यांमध्ये तो बहुधा १ च्या वरच निघतो. त्यावरून किती पानं बघायची ते काढता येतं. समजा गुणक ३ आणि घात १.४ निघाला, आणि आपल्याला सरासरीच्या पाव भागाइतकी प्रमाणचूक, म्हणजे अंदाजातली चूक, चालणार आहे. मग पानामागे सरासरी १ शिकारी असेल तर ४८ पानं पुरतात. पण सरासरी ०.१ असेल, म्हणजे दहा पानांत एक, तर १९१ पानं लागतील. म्हणजे जितके कमी, तितकी जास्त पानं. लोक नेमकं उलट करतात. काही दिसत नाही म्हणून दहा पानांवर थांबतात आणि ‘नाहीत’ असं लिहून मोकळे होतात.

हे ३ आणि १.४ मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या बेडचे तुम्हालाच काढावे लागतील. प्रत्येक पानाचा आकडा वेगळा लिहा, नुसती बेरीज लिहू नका. बेरजेतून विचरण कधीच परत मिळत नाही.

भिलारकर, तुमची ‘आहे का नाही’ पद्धत चुकीची अजिबात नाही. कापसावर आणि कॅलिफोर्नियातल्या बदामावर लाल कोळ्यांसाठी तीच वापरतात. फक्त एवढं लक्षात ठेवा, की ८०-९० टक्के पानांवर दिसायला लागले की ती आंधळी होते. पानावर दोन आहेत की वीस, तिला दोन्ही सारखेच.

भिलारकर | ४ मार्च, सायंकाळी ६:१०

सर, हे पटलं. माझ्या वहीत मार्चअखेर दर वर्षी चाळीसपैकी अडतीस-एकोणचाळीस असंच लिहिलंय. त्यापुढे काय झालं ते वहीवरून सांगता येत नाही.

सूक्ष्मदर्शी | ४ मार्च, रात्री १०:१५

आता अंडी. लांबलचक लिहितेय, कारण मला यातला हाच भाग सगळ्यांत जवळचा आहे.

मित्रकोळ्याची मादी जे खाते त्याचा मोठा भाग सरळ अंड्यात जातो. तिच्या शरीराच्या मानाने अंडं प्रचंड असतं, पोटात तयार झालेलं अंडं कधी कधी बाहेरूनही दिसतं. खाणं थांबलं की एक-दोन दिवसांत अंडी घालणं जवळजवळ थांबतं. म्हणजे आज पानावर दिसणारी अंडी ही गेल्या दोन दिवसांत तिला पोटभर मिळालं की नाही याची नोंद असते. माद्यांची संख्या मात्र मागच्या आठवड्यात काय घडलं ते सांगते. नुसत्या माद्या मोजल्या तर आपण नेहमी एक आठवडा मागे राहतो.

म्हणून तीन रकाने करा: प्रौढ माद्या, मित्रकोळ्याची अंडी, आणि पिल्लं म्हणजे मधल्या सगळ्या अवस्था. अंड्यातून सहा पायांची अळी निघते, तिच्यानंतरच्या दोन अवस्थांना आठ पाय असतात, मग प्रौढ. पॉलिहाउसमधल्या २५-२८ अंशांना अंडं साधारण दोन दिवसांत फुटतं, आणि अंड्यापासून प्रौढापर्यंतचा सगळा प्रवास पाच-सहा दिवसांचा. आता समजा साठ पर्णिकांवर (गुलाबाच्या एका पानातली सुटी छोटी पानं) १६ माद्या आणि ४० अंडी मिळाली. ही ४० अंडी दोन दिवसांत घातलेली. तेव्हा ४० भागिले १६, भागिले २, म्हणजे मादीमागे दिवसाला सव्वा अंडं. हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो. काही अंडी खाल्ली जातात, काही आपल्या नजरेतून सुटतात. पण दर आठवड्याला एकाच पद्धतीने काढलात तर चढ-उतार लगेच दिसतो. माद्या भरपूर आणि अंडी जवळपास नाहीत, असं झालं तर समजा पुढच्या आठवड्यात उतरती लागणार.

याची खात्री वेगळी करून बघता येते. घेवड्याच्या पानाची दोन-तीन सेंटिमीटरची चकती कापा, खालची बाजू वर ठेवून ओल्या कापसावर टाका, कापूस ताटलीत, ताटलीत पाणी. वर लाल कोळ्यांची भरपूर अंडी असू द्या. बारीक ब्रशने, शून्य-शून्य-शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश चांगला, एकेक मादी एकेका चकतीवर सोडा. रोज त्याच वेळी अंडी मोजा आणि उचलून दुसऱ्या चकतीवर ठेवा, म्हणजे किती फुटली आणि त्यातल्या किती माद्या झाल्या तेही कळेल. दोन गोष्टी सांभाळा. एक, मादीला नर मिळालेला हवा. लाल कोळ्याची मादी नराशिवायही अंडी घालते, त्यातून फक्त नर निघतात. मित्रकोळ्यांच्या बहुतेक जातींत मीलनाशिवाय अंडंच येत नाही. दोन, चकतीवरून पळून ओल्या कापसात बुडालेली मादी ‘मेली’ म्हणून नोंदवू नका. ‘निसटली’ असं लिहा. ती तशी मेली नसती, आणि तिला मेलेल्यांत धरलं की आयुष्य आणि अंडी दोन्ही कमी दिसतात.

अंकगणित | ५ मार्च, सकाळी ८:४५

सूक्ष्मदर्शी, फार छान लिहिलंत. त्यात एक भर घालतो. एकूण किती अंडी घातली याचं लोकांना फार कौतुक असतं. वाढीच्या दरात मात्र अंड्यांच्या संख्येपेक्षा ती किती लवकर येतात याला जास्त वजन असतं.

ढोबळ हिशेब असा: एका मादीमागे आयुष्यात किती मुली, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि पिढीच्या सरासरी कालावधीने भागायचं. २० मुली आणि १२ दिवसांची पिढी असेल तर दर दिवसाला सुमारे ०.२५, म्हणजे पावणेतीन दिवसांत दुप्पट. आता दुसरी जात घ्या, जिला दुप्पट म्हणजे ४० मुली होतात पण पिढीला १६ दिवस लागतात. तिचा दर ०.२३, म्हणजे तीन दिवसांत दुप्पट. दुप्पट मुली होऊनही ती मागेच राहिली. म्हणून चकतीवरच्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी अगदी जपून घ्या. मादी म्हातारी झाल्यावर घालते त्या अंड्यांचा दरावर फारसा परिणाम होत नाही.

वेस्टलँडकर | ५ मार्च, दुपारी ३:१० (भारतीय वेळ)

नेदरलँड्समधून लिहितोय. दहा वर्षं काचघरांत कीड-नियंत्रणाचं काम करतो. इथे ही गोष्ट साठ-पासष्ट वर्षं जुनी आहे. फायटोसियुलस पर्सिमिलिस हा मित्रकोळी १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांवर डॉसे या संशोधकाला सापडला. तिथून तो इथल्या काकडीच्या काचघरांत आला. १९६७ मध्ये यान कॉपर्ट या काकडी-उत्पादकाने तो विकायला सुरुवात केली आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. पण इथेही दर आठवड्याला कुणीतरी भिंग घेऊन ओळीतून फिरतंच. बाटलीतून शिकारी सोडले एवढ्यावर काम संपत नाही. ते राहिले का, वाढले का, हे पानावरच बघावं लागतं.

पर्सिमिलिस फक्त लाल कोळ्यांवर जगतो. ते संपले की तोही संपतो. तुमच्या बेडवरचा लाँजिस्पिनोसस असेल तर तो थोडा जास्त तग धरतो, पण आवड तीच. काही जाती मात्र मुख्यतः परागकणांवर वाढतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्या दिसल्या तर लाल कोळी कमी असतानाही आकडा चढतो आणि माणूस उगाच खूश होतो. म्हणून जात ओळखून घ्या.

आणि कुठे बघायचं हेही जातीवर ठरतं. आफ्रिकेत कसाव्यावरच्या हिरव्या कोळ्यासाठी ब्राझीलमधून आणलेला टिफ्लोड्रोमॅलस आरिपो १९९३ मध्ये बेनिनमध्ये सोडला. हा दिवसभर शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंत्यात बसतो आणि रात्री खालच्या पानांवर शिकारीला उतरतो. दिवसा पानं मोजली असती तर ‘टिकला नाही’ असं लिहून लोक निघून गेले असते. त्यांनी शेंडे तपासले म्हणून तो सापडला.

गुलाबवाडी | ५ मार्च, रात्री ८:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोनदा वाचलं, एकदा मुलाकडून वाचून घेतलं आणि तक्ता आखला. दर सोमवारी सकाळी आठ ते दहा, ऊन चढायच्या आत. बेंडिंगमधल्या पाचपानी पानाची टोकाची पर्णिका, साठ पर्णिका, बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दर दोन पावलांवर एक. उभ्या दांड्या मोजत नाही, त्या तर कापून जाणारच. हे बरोबर आहे का?

सूक्ष्मदर्शी | ५ मार्च, रात्री ९:३०

बरोबर आहे, आणि उभ्या दांड्या वगळण्याचं कारण तुम्ही नेमकं सांगितलंत. एकदाच एक काम करा. दहा झाडांवर एकूण किती पर्णिका आहेत ते मोजून ठेवा. नुसता ‘पानामागे इतके’ हा आकडा फसवतो. नवी फूट आली की पानं वाढतात आणि तेवढेच शिकारी जास्त पानांवर पसरतात. शिकारी घटले असं वाटतं, घटलेले नसतात.

शेजारच्या रकान्यात लाल कोळीही लिहा. नाहीतर शिकारी कमी झाले ते उपाशी राहून की औषधाने, हे नंतर सांगता येणार नाही.

गुलाबवाडी | ९ मार्च, दुपारी १२:२०

पहिला सोमवार. साठ पर्णिका, १७ माद्या, ४१ अंडी, २२ पिल्लं. मादीमागे दिवसाला १.२. लाल कोळी सगळीकडे आहेत पण जाळी वाढलेली नाही. मोजायला पावणेदोन तास लागले. मान दुखतेय, पण अंडी ओळखता येताहेत. पहिल्यांदा लांबट अंडं गोल अंड्यांशेजारी दिसलं तेव्हा खरंच ओरडले.

गुलाबवाडी | १६ मार्च, दुपारी १२:५०

दुसरा सोमवार, आणि मी काळजीत आहे. २४ माद्या म्हणजे वाढल्या. पण अंडी फक्त १५. मादीमागे ०.३. त्यातली काही चपटलेली, सुकल्यासारखी, एका बाजूने खड्डा पडलेली. लाल कोळी भरपूर आहेत, म्हणजे उपासमार नाही. फवारणी तर केलेलीच नाही. शेजारच्या बेडवरून औषध उडून आलं असेल का?

भिलारकर | १६ मार्च, दुपारी २:००

ताई, औषध उडून आलं असतं तर माद्याही कमी झाल्या असत्या. हवा बघा. या आठवड्यात आमच्या घाटावरसुद्धा कोरडा वारा सुटलाय.

सूक्ष्मदर्शी | १६ मार्च, दुपारी ३:१५

भिलारकर दादांशी सहमत. या कोळ्यांची प्रौढ मादी पाणी पिऊन, शिकार खाऊन कोरड्या हवेत निभावते. अंडं कुठून पाणी आणणार? हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या खाली बराच वेळ राहिली की यांच्या बऱ्याच जातींची अंडी फुटायच्या आधीच सुकतात. तुम्ही पाहिलेला खड्डा तोच. पानाच्या अगदी लगत, विशेषतः खालच्या बाजूला, हवा थोडी ओलसर असते, त्यामुळे एवढा फरक पडेपर्यंत बाहेर बरंच कोरडं झालेलं असतं. ७ नंबरचा बेड दाराजवळ आहे ना? दुपारी एक ते चार आर्द्रतामापक बेंडिंगच्या पानांत, जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून बघा. वर टांगलेला आकडा नको.

आणि सुकलेली अंडी वेगळ्या रकान्यात लिहा. ती घातली गेली होती. मादी काम करतेय, अंडी टिकत नाहीयेत. तुमच्या तक्त्यात या दोन गोष्टी आत्ता एकत्र झाल्यात.

गुलाबवाडी | १७ मार्च, सायंकाळी ६:४०

मापक ठेवला. दुपारी अडीचला ३९ टक्के. मधल्या १२ नंबरच्या बेडवर त्याच वेळी ५८. दाराची पडदी दुपारभर वर बांधलेली असते, माल न्यायला सोपं जातं म्हणून. आजपासून खाली. आणि फॉगर, म्हणजे धुक्यासारखे बारीक थेंब सोडणारं यंत्र, बारा ते चार, दर पाऊण तासाने थोडा वेळ. पण भुरी या बुरशीच्या रोगाची भीती आहे, त्यामुळे चारनंतर बंद, पानं संध्याकाळच्या आत कोरडी झालीच पाहिजेत.

वेस्टलँडकर | १७ मार्च, रात्री ११:०५

फॉगरचे थेंब जितके बारीक तितकं चांगलं. पान भिजायला नको, हवा ओली व्हायला हवी. आम्ही इथे हेच सांभाळतो.

गुलाबवाडी | २४ मार्च, दुपारी १:१०

काल साखरपुड्याला गेले होते, म्हणून मंगळवारी मोजलं. साठ पर्णिका, ३१ माद्या, ६४ चांगली अंडी, ५ सुकलेली, ३८ पिल्लं. मादीमागे १.०. लाल कोळ्यांची जाळी बेडच्या मधल्या भागात ओसरताना दिसतेय, दाराकडच्या टोकाला अजून आहे. प्रत्येक पानाचा आकडा वेगळा लिहिलाय, अंकगणित काका, तक्ता पाठवू का?

अंकगणित | २४ मार्च, सायंकाळी ५:००

जरूर पाठवा. एक सांगून ठेवतो, पडदी, फॉगर आणि आठवड्याची हवा तिन्ही एकाच वेळी बदललं, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही. तुमच्यासाठी अंडी परत आली एवढं पुरेसं आहे. घात मी आज रात्री काढतो, मग पुढच्या वेळी साठऐवजी किती पर्णिका पुरतील ते सांगेन. सरासरी वाढलीय, त्यामुळे बहुधा कमी लागतील.

गुलाबवाडी | २४ मार्च, रात्री ८:२०

पाठवला. आता ९ नंबरच्या बेडवर लाल कोळी दिसायला लागलेत आणि तिथे मित्रकोळी नाहीत. चाळीस पर्णिका बघितल्या, एकही नाही. ७ मधली बेंडिंगची पानं कापून ९ मध्ये नेऊन ठेवायची असं डोक्यात आहे. किती पानं न्यायची?

सूक्ष्मदर्शी | २४ मार्च, रात्री ९:०५

आधी ९ मधली अजून पानं बघा. चाळीसांत शून्य म्हणजे ‘नाहीत’ असं अंकगणित काका म्हणू देणार नाहीत. मग ९ मधल्या लाल कोळ्यांचा अंदाज घ्या: पर्णिकेमागे किती, गुणिले झाडामागे पर्णिका, गुणिले झाडं. शेतात सर्रास सांगतात तो ठोकताळा दहा लाल कोळ्यांमागे एक शिकारी. एवढे एकदम नेता येणार नाहीत, म्हणून जिथे ठिपके जास्त आहेत त्या झाडांपासून सुरुवात करा. पानं सकाळी कापा, ज्यांवर अंडी आणि माद्या दोन्ही आहेत तीच निवडा, पिशवीत न घालता टोपलीतून न्या, आणि ९ च्या बेंडिंगच्या पानांना टेकवून ठेवा, म्हणजे कापलेलं पान सुकायला लागलं की त्यांना जवळच दुसरं पान सापडेल. ७ मधली पाचव्या भागाहून जास्त पानं काढू नका.

गुलाबवाडी | २४ मार्च, रात्री ९:३०

उद्या सकाळी साडेसातला जाते. ९ मधल्या आणखी ऐंशी पर्णिका आधी, मग टोपली.